खिडकीखालची पायरी

१

मनोऱ्यावरचं घड्याळ अगदी बरोबर वेळ दाखवत होतं आणि त्याला रोज सकाळ-संध्याकाळ किल्ली देणारा माणूस मनोऱ्याच्या तळाशी मान मोडून पडला होता. गावाने दोन्ही गोष्टींची दखल घेतली, पण घड्याळाची आधी. ते बंद पडलेलं नाही ना, याची खात्री करून घेतल्यावर लोकांनी मान खाली वळवली.

घड्याळमास्तर गेल्यावर आठवड्याभराने विमा कंपनीने आपली तपासनीस पाठवली. ऑफिसात त्यांना पाठीमागे कडूबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि नाव चुकलंय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. जळालेल्या सोफ्यांपासून चोरीला गेलेल्या मूर्तींपर्यंत सगळं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. माणसं खोटं बोलतात याचा त्यांना राग नव्हता. ती इतकं ढिसाळ खोटं बोलतात, याचा मात्र होता.

"फार खोलात जाऊ नका," साहेबांनी निघताना सांगितलं होतं. "लेकीने पायऱ्या धुतल्या, म्हातारा घसरला. घरच्यांचाच हलगर्जीपणा, म्हणजे आपल्याला काही द्यायला नको. सही करा आणि या."

जुन्या पेठेच्या तोंडाशी 'वारसा क्षेत्र सुरू' अशी पाटी होती. पाटीपलीकडे एक रंगारी शिडीवर चढून नव्याकोऱ्या भिंतीवर ब्रशने भेगा काढत होता.

"खरी भेग अशी सरळ जात नाही," कडूबाई म्हणाल्या.

"फोटोत सरळ बरी दिसते," रंगारी मागे न बघता म्हणाला.

या गावाला आठशे वर्षांचा इतिहास आहे, असं माहितीपत्रकात छापलं होतं. तो थोडक्यात असा, की प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या इमारती पाडल्या आणि त्याच दगडांत स्वतःच्या बांधल्या. विणकर आले, त्यांनी पडक्या राजवाड्याच्या चिऱ्यांतून गोदामं केली. व्यापारी आले, त्यांनी गोदामं पाडून घड्याळाचा मनोरा उभारला. आताच्या पिढीला बांधायला काही सुचलं नाही, म्हणून तिने तिकीट लावलं. शिंप्याच्या दुकानात आता मनोऱ्याच्या आकाराच्या की-चेन मिळत होत्या. शिंपी हमरस्त्यापलीकडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता आणि सकाळी जुना पोशाख घालून, पगारावर, आपल्याच ओट्यावर बसायला येत होता. कडूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो पोशाखाच्या आत मोबाइल लपवत होता.

मनोऱ्यात जायच्या आधी त्यांना हॉटेलात बोलावलं होतं. वारसा समितीची माणसं तिथेच भेटत. समितीला कचेरी होती, पण कचेरीत कॉफी चांगली मिळत नसे.

२

हॉटेलच्या दिवाणखान्यात नजर जाईल तिथे काहीतरी कोरलेलं होतं. दारं, खांब, आरशांच्या चौकटी, सगळीकडे पानं, फुलं, पाखरं, घोडे. इतकी गर्दी होती की एकही वस्तू दिसत नव्हती. जिना दगडी होता आणि प्रत्येक पायरीला मधोमध सारखाच गुळगुळीत खोलगा होता. शेकडो वर्षं लोक ये-जा करत असावेत असा. हॉटेल दोन वर्षांपूर्वी उघडलं होतं.

"बसा ना, मॅडम," हॉटेलमालक म्हणाला. त्याच्या प्रत्येक बोटात अंगठी होती. त्याच्या शेजारी समितीचे अध्यक्ष बसले होते. निवृत्त प्राध्यापक, पांढरे केस, मऊ आवाज. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं, त्यामुळे सगळे त्यांना सरच म्हणत.

समोर काचेच्या तावदानाखाली कोरीव दगडाचं एक टेबल होतं. एका बाजूला रुंद, दुसरीकडे निमुळतं होत गेलेलं, कापलेल्या केकच्या तुकड्यासारखं. कडूबाईंनी हातात दिलेला कॉफीचा कप न पिताच त्यावर ठेवला आणि सवयीने हात टेबलाच्या खालून फिरवला. धंद्याची सवय. नकली जुनं सामान ओळखायचं तर त्याची पाठ बघावी लागते. दिसणारी बाजू सगळेच सजवतात, खालची बाजू खोटी करायची तसदी कोणी घेत नाही. इथे रुंद टोकाला चार बोटं दगड खडबडीत लागला आणि त्याला लागूनच हात एका उथळ खोलग्यात शिरला. वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. कडूबाई जरा चपापल्या. या गावात आल्यापासून त्यांना कशाबद्दल तरी पहिल्यांदाच आदर वाटला, पण तो कोणाला द्यायचा ते कळेना. मग सरांनी बोलायला सुरुवात केली आणि तो विचार मागे पडला.

"फार सज्जन माणूस," सर म्हणाले. "मागच्याच आठवड्यात आम्ही त्यांचा सत्कार घडवून आणला. परगावी, मोठ्या सभागृहात. लेकीलाही बरोबर पाठवलं, दोन दिवस छान राहून आले. आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ सोडून कुठे गेले असतील. आणि परत आले, तर दुसऱ्याच सकाळी हे!"

"कुठून पडले?"

"खिडकीखालच्या पायरीवरून," हॉटेलमालकाने तत्परतेने सांगितलं. "पाणी होतं ना तिथे."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी? छे! मला सरांनी सांगितलं."

"सर, तुम्ही वर गेला होतात?"

सरांनी हसून गुडघ्यावर हात ठेवला. "हे गुडघे घेऊन? मी पायथ्याशीच होतो. पण पाणी खिडकीखालून ओघळत आलेलं दिसत होतं. बिचारी धुवायला गेली आणि... पोर आहे, चूक होते. मी तिला म्हटलं, तू कोणाला काही सांगू नकोस, मीही सांगणार नाही."

"मला तर पाच मिनिटांत सांगितलंत."

हॉटेलमालकाने बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"मनोऱ्यातल्या खोलीचं काय होणार?" कडूबाईंनी विचारलं.

"त्या घराण्याला तिथे राहायचा हक्क आहे, घड्याळ नीट सांभाळतात तोवर," सर म्हणाले. "पण आता नीट सांभाळलं असं कसं म्हणायचं? तिने आपणहून खोली सोडली, तर समिती हे प्रकरण वाढवणार नाही. मी शब्द दिलाय."

"आणि खोलीत?"

"हेरिटेज स्वीट!" हॉटेलमालकाला राहवलं नाही.

कडूबाईंनी बिस्किट उचललं नाही. अशा लोकांचं त्या पाण्याशिवाय काही घेत नसत, आणि इथे तर पाण्याबद्दलच शंका येऊ लागली होती.

३

घड्याळमास्तरांची लेक मनोऱ्याच्या तळखोलीत पेट्या भरत होती. तिशीची असेल. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आली आणि बापाबरोबर घड्याळ बघू लागली. बाप गेल्यापासून मात्र ती वर चढली नव्हती आणि घड्याळ दुसऱ्या दिवशीच थांबलं होतं. खोलीत एक पलंग, एक शेगडी, भिंतीला टांगलेली दातेरी चाकं. तेलाचा वास.

"सही कुठे करायची?" तिने वर न बघता विचारलं.

"कसली?"

"मी केलं म्हणून. सर म्हणाले, एक सही लागेल."

कडूबाई पलंगावर बसल्या. "आधी सांग तरी, काय केलंस ते."

तिने सांगितलं, आणि सांगताना बोटांनी पदराचं टोक पिळत राहिली. रोज सकाळी ती दारापासून पहिल्या वळणापर्यंत पायऱ्या पुसायची. वळणाच्या वर नाही, ते बाबा स्वतः झाडायचे. पाणी ओतायचं नाही, फडकं पिळून पुसायचं, नाहीतर ओल भिंतीत शिरते, ही बाबांची ताकीद. त्या दिवशी पुसून झालं, तिने नवं पाणी भरून बादली दाराशी ठेवली. बाबा वर गेले होते. मध्येच त्यांची हाक आली, "कोण आलं होतं गं इथे?" ती म्हणाली, कोणी नाही. मग किल्ली दिल्याचा आवाज आला, ओळखीचा, आणि थोड्या वेळाने...

"पडताना पाहिलंस?"

"नाही. आवाज ऐकला. आले तर ते इथे, खाली." तिने दाराकडे बोट दाखवलं. "मी सरांना फोन केला. ते लगेच आले. म्हणाले, डॉक्टर फोन उचलत नाहीत, तू पळत जा, घेऊन ये. मी गेले. तेव्हा बाबांचा हात गरम होता हो."

"परत आलीस तेव्हा?"

"सर जिन्याच्या तोंडाशी उभे होते. धापा टाकत होते, रडले असतील. म्हणाले, बाळ, खिडकीखाली केवढं पाणी सांडलंय, तू वरपर्यंत धुतलंस ना आज? मी म्हटलं, नाही. मग वर पाहिलं तर खरंच पाणी. मला आठवत नाही. पण मीच असणार ना? दुसरं कोण होतं? बादलीही रिकामी होती. मी माझ्या बापाला मारलं आणि मला ते आठवतसुद्धा नाही."

कडूबाईंना सांत्वन जमत नसे. त्यांनी पेटीवरचा टॉर्च उचलला. "चल वर. दाखव."

जिना गोल, चिंचोळा. मधल्या खांबाकडे पायरी निमुळती, भिंतीकडे रुंद, आणि भिंतीला धरायला दोर. माणसं चारशे वर्षं दोर धरून भिंतीकडून चढली होती, तेव्हा झीजही भिंतीकडेच होती. प्रत्येक पायरीला रुंद टोकाशी, भिंतीलगत खोलगा. कडूबाईंचा पाय आपोआप त्यात बसत गेला. विचार करावा लागत नव्हता.

वळणानंतर लेक थांबली. "इथून वर बघायचे मी लहानपणी. वरच्या पायरीच्या पोटाला बदकं आहेत, रांगेने चाललेली. जुन्या राजवाड्याचा दगड उलटा घालून पायरी केलेली. बाबा मुलांना आणून दाखवायचे."

कडूबाईंनी टॉर्च वर मारला. खिडकीखालच्या पायरीचं पोट काळंकुट्ट होतं. काजळी. बदक एकही नव्हतं.

लेक बघत राहिली. "इथेच होती," ती हळूच म्हणाली.

पायरीच्या पुढच्या कडेवरून तपकिरी ओघळ खाली आले होते आणि खालच्या दोन पायऱ्यांवर वाळले होते. लेकीने चेहरा फिरवला. तिला ते रक्त वाटलं. कडूबाईंनी नखाने खरवडलं, नाकाशी नेलं, आणि या गावाबद्दल आधीच वाईट असलेलं त्यांचं मत आणखी खाली गेलं.

ती कॉफी होती.

४

"वर कोणी कॉफी नेतं का?"

"आम्ही कॉफी पीतच नाही," लेक म्हणाली.

समितीचा आर्किटेक्ट पेठेमागच्या शेडमध्ये काम करत असे; कडूबाई तडक तिकडे गेल्या. केसांची शेंडी, महागडे फाटके कपडे. आल्या आल्या त्याने कडूबाईंना नव्या दगडांची रांग दाखवली, आणि शेजारीच त्याच दगडांची म्हातारी रांग.

"ओळखा, कुठले चारशे वर्षांचे?"

"एकही नाही."

तो खूश झाला. हा आपला गौरव आहे असं त्याला वाटलं. त्याने सगळी कृती सांगितली. आधी ग्राइंडरने झीज पाडायची, मग कडा ठोकायच्या, मग पिंपात आटवलेली कॉफी ब्रशने चढवायची, थर वाळला की दुसरा. वरून काजळी.

"झीज कुठे पाडता?"

"मधोमध. फोटोत छान येते. हॉटेलचा जिना बघितलात ना?"

"बघितला. आणि त्यावर पाणी पडलं तर?"

"अजिबात नाही!" तो जवळजवळ ओरडला. "महिनाभर थेंब लागू द्यायचा नाही. रंग निथळून जातो सगळा. मी हॉटेलमधल्या सफाईवाल्यांना तंबी दिलेली. ओलं फडकं दिसलं तरी माझा जीव वरखाली होतो."

"मनोऱ्याचा जिना चढला आहात कधी?"

आर्किटेक्टने एक दगड उगाच हलवून परत ठेवला. "माझी माणसं जातात. मी ड्रॉइंग करतो."

"खिडकीखालची पायरी तुमच्या माणसांनी कधी बदलली?"

शेडमध्ये ग्राइंडर चालू होता. तो बंद करायला सांगावा हेही आर्किटेक्टला सुचलं नाही.

"मी... समितीने काम सांगितलं होतं. धोकादायक पायरी आहे, बदला म्हणून. मी फक्त..."

"समितीत कोणी?"

भिंतीला रेलून तो असा उभा राहिला की त्याचाच एखादा नग वाटावा.

५

संध्याकाळ व्हायच्या आत कडूबाई पुन्हा मनोऱ्यात आल्या. या वेळी त्या वरून खाली उतरल्या. दोर धरून, भिंतीकडून, दिवा न लावता. पाय खोलग्यातून खोलग्यात जात राहिले. खिडकीखाली आल्या आणि त्यांची टाच अचानक दगडावर आदळली. जिथे ती खोलग्यात उतरायला हवी होती तिथे दगड उंच आणि सपाट होता. दोर घट्ट धरला नसता तर विमा कंपनीला दुसरी तपासनीस पाठवावी लागली असती.

म्हणजे घसरण्याचा प्रश्नच नव्हता. चढताना म्हाताऱ्याला पाऊल वेगळं लागलं. त्याने हाकही मारली, कोण आलं होतं इथे? मग घड्याळाची वेळ झाली होती म्हणून वर गेला, किल्ली दिली, आणि उतरताना विसरला. डोक्याने विसरला असं म्हणायचं. पाय तर काही विसरलेच नव्हते. उभा जन्म ज्या खोलग्यात पाय ठेवला, तिथेच त्यांनी ठेवला.

कडूबाई पायरीवर बसल्या. एका हातात त्यांचा रुमाल होता, तो त्यांनी नकळत उलटा केला. दिसणारी बाजू सगळेच सजवतात. पाठ खोटी करायची तसदी कोणी घेत नाही.

साबणाची वडी. रुंद टोकाशी. शेजारी चार बोटं खडबडीत, भिंतीत गाडलेली.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "मी त्याच्यावर कॉफी ठेवली."

त्यांनी आधी पोलिसांना फोन केला. मग लेकीला हाक मारली, "पेट्या भरणं थांबव. चल माझ्याबरोबर."

६

दिवाणखान्यात तिघेही होते. आर्किटेक्ट भिजल्या मांजरासारखा कोपऱ्यात बसला होता. हॉटेलमालक अंगठ्या फिरवत होता. सरांनी लेकीला बघताच खुर्ची दिली. "ये बाळ. सही झाली?"

"आधी मी थोडं बोलते," कडूबाई उभ्या राहूनच म्हणाल्या. "म्हातारा पडला ते कोणी पाहिलं नाही. सापडला तळाशी. एवढ्या उंच जिन्यात तो कुठूनही पडला असेल. पण गावात ज्याला विचारावं तो सांगतो, खिडकीखालची पायरी. ह्या मालकांना कोणी सांगितलं? सरांनी."

"पाणी होतं ना तिथे," सर म्हणाले.

"होतं. पण ही मुलगी वळणाच्या वर पुसायला जात नाही आणि पाणी कधी ओतत नाही. भरलेली बादली ती दाराशी ठेवून डॉक्टरांकडे धावली, आली तर रिकामी. मध्ये तिथे एकच माणूस होता. त्याच्या खिशात फोन होता, तरी त्याने हिला पायी पिटाळलं. मग ती परत आली तेव्हा तो धापा टाकत होता."

"माझे गुडघे..."

"गुडघे शाबूत आहेत तुमचे. जे शाबूत नाही त्याचं नाव मी बायकांसमोर घेत नाही."

हॉटेलमालक हसणार होता, पण थांबला.

"ती पायरी नवी आहे," कडूबाई पुढे म्हणाल्या. "सत्काराच्या दोन दिवसांत बदललेली. मग पाणी ह्यांनी टाकलं असेल?" त्यांनी आर्किटेक्टकडे हनुवटी केली. "हा माणूस स्वतःच्या कॉफीला ओलं फडकं लागू देत नाही. पाणी टाकणाऱ्याला पायरी बदललीय हे माहीत होतं, पण ती कशाने म्हातारी केलीय ते माहीत नव्हतं. लोक तिथे येऊन बघतील, विचारतील, म्हणून त्याने लोकांना आयतं कारण देऊन टाकलं. आणि त्याच पाण्याने चारशे वर्षं धुऊन काढली. इतका शिकलेला माणूस, आणि त्याला बादलीसुद्धा नीट ओतता आली नाही."

"सरांनीच सांगितलं होतं," आर्किटेक्ट एकदम बोलला. "म्हणाले, कोरीव दगड अंधारात वाया जातोय. माप त्यांनी दिलं. त्यांना इथे हॉटेलात सल्लागार करणार होते, वरची खोली, पुस्तकांना कपाटं..."

"मला वाटलं समितीची परवानगी आहे!" हॉटेलमालकाने हात झटकले.

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण शरमेने नाही. त्यांना राग आला होता.

"बरोबरच आहे ते!" ते म्हणाले. "राजवाड्यातला दगड आहे तो. असा नमुना दुसरीकडे नाही. आणि तो कुठे होता? एका भिकार जिन्यात, उलटा! लोक त्याच्यावर पाय देत होते!"

"हो," कडूबाई म्हणाल्या. "म्हणून तर तिला पायरी म्हणत होते."

"म्हातारा पडेल असं कोणाला वाटलं होतं? मी काय मुद्दाम..."

"नाही. मुद्दाम करायला समोर माणूस आहे हे लक्षात तरी घ्यावं लागतं. तुम्ही तो जिना पोटाकडून पाहिलात, टॉर्च लावून. वरून कधी चाललाच नाहीत. झीज कुठल्या बाजूला आहे हे एकदा तरी बघितलं असतं तर माणूस वाचला असता. बरं, तो मेला. त्याचा हात अजून गरम होता, आणि तुम्ही त्याला ओलांडून बादली घेऊन वर गेलात. मग त्याच्या मुलीला सांगितलंत की हे तू केलंस."

कडूबाईंनी टेबलावरचं तावदान उचलून बाजूला ठेवलं. खाली बदकं होती, एकामागे एक, मान वर करून चाललेली.

"माझी बदकं," लेक म्हणाली.

"खालून हात घाल. रुंद बाजूला."

ती जमिनीवर बसली आणि टेबलाखाली हात नेला. हात खडबडीत टोकावरून सरकत खोलग्यात आला आणि तिथेच राहिला. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिने दुसरा हातही घातला.

"हे बाबांचं आहे," ती म्हणाली. "आजोबांचंही असेल. पण बाबांचं आहे." मग ती रडली. आठवडाभर ती रडत होती ते वेगळं होतं, तेव्हा तिला रडायचाही हक्क वाटत नव्हता.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि पोलीस आत आले. सरांनी उठून त्यांतल्या वयस्कर शिपायाला नावाने हाक मारली. तोही त्यांचाच विद्यार्थी होता. त्याने नमस्कार केला आणि मग त्यांच्या दंडाला धरलं.

लेक उठून त्यांच्यासमोर आली.

"सर, तुम्ही म्हणालात ना, मी कोणाला सांगणार नाही? मी रोज झोपताना तुमचे उपकार मानत होते. बाबांच्या फोटोला सांगत होते, सर आहेत म्हणून निभावतंय."

लेकीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि मग ती बाजूला झाली, रस्त्यात काही पडलेलं असावं तशी.

हॉटेलमालकाने पोलिसांना सांगायला सुरुवात केली होती की आपण दगड स्वखुशीने समितीला भेट देत आहोत, त्याच्यासाठी सुंदर पाटी करू, दिवे लावू, काचेत ठेवू. कडूबाई पर्स उचलत होत्या. साहेबांना काय लिहायचं ते ठरलं होतं, आणि कंपनीचं नुकसान करताना त्यांना पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

"काचेत नाही," लेक म्हणाली.

सगळे थांबले. तिने पदराने तोंड पुसलं. पोलिसांबरोबर आलेली चार माणसं दगड उचलायला वाकली होती, तिकडे ती गेली.

"पंचनामा झाला की मनोऱ्यात न्यायचा. होता तिथेच बसवायचा. आणि नीट बसवा," ती म्हणाली. "बदकं खाली. पाय ठेवायची बाजू वर."

मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते नकली होतं आणि बंद होतं. "किल्लीची वेळ झाली असेल," ती म्हणाली, आणि दोर घट्ट धरायचा हे स्वतःला बजावत मनोऱ्याकडे निघाली.